वर्ध्याचा नकार आणि आपल्या घरातली गोळी

चिकोडी-निपाणीच्या पट्ट्यातल्या माणसाला सीमा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. उंबरा न ओलांडता आपल्या आजे-पणज्यांनी मुंबई इलाखा पाहिला, १९५६ नंतर म्हैसूर राज्य पाहिले आणि १९७३ पासून कर्नाटक. या वादाची उजळणी दर दिवाळीला होतेच. आज एका निराळ्याच गोष्टीचा इतिहास सांगायचा आहे. ती चवलीएवढीही नसते, पण बाईच्या आयुष्यात तिने जेवढी उलथापालथ केली तेवढी फार थोड्या कायद्यांनी केली असेल. ती म्हणजे पाळणा लांबवणारी गोळी. आणि तिच्यातही जिच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही ती, केवळ प्रोजेस्टिनची गोळी.

आरंभ मात्र गोळीच्या आधीपासून करावा लागतो. १९२१ साली मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्याच वर्षी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी आपले केंद्र सुरू केले. कर्वे गणिताचे प्राध्यापक; या कामापायी त्यांना नोकरीवर पाणी सोडावे लागले. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, आणि वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला, पण शरीराविषयीचे ज्ञान म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाजू भर न्यायालयात मांडली गेली.

आता सीमेची गंमत पाहा. १९३० साली म्हैसूर संस्थानाने सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचे ठरवले. चिकोडी तेव्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे जे ज्ञान म्हैसुरात सरकार देऊ पाहत होते, तेच आपल्या इलाख्यात छापणारा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता! १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाच्या साधनांसाठी ठराव आणला. तो मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. बेळगाव जिल्ह्याचे प्रतिनिधीही त्याच विधिमंडळात बसत, हे आपण विसरू नये.

याच काळात एक अमेरिकन परिचारिका वर्ध्याला आली. तिचे नाव मार्गारेट सँगर. १९३५ च्या डिसेंबरात तिने महात्मा गांधींची भेट घेतली आणि साधनांचा पुरस्कार करावा म्हणून परोपरीने विनवले. गांधीजींचे उत्तर होते संयम. सँगरबाई नकार घेऊन परतल्या, पण विषय त्यांनी सोडला नाही. बाईला स्वतःच्या हाताने, कुणाची मिनतवारी न करता घेता येईल असे औषध त्यांना हवे होते. १९५१ च्या सुमारास ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाला त्यांनी या कामाला लावले आणि कॅथरीन मॅककॉर्मिक या धनिक बाईंनी पैसा पुरवला.

औषधाचा कच्चा माल निघाला जमिनीतून. रसेल मार्कर या रसायनतज्ज्ञाला मेक्सिकोच्या रानात एक कंद सापडला. आपल्याकडच्या कोनफळाच्या, करांद्याच्या कुळातला. त्यापासून त्याने प्रोजेस्टेरॉन तयार केले. हे संप्रेरक गरोदरपणात बाईच्या शरीरात भरपूर असते, आणि ते असेपर्यंत नवे बीज बाहेर पडत नाही. पण पोटात घेतल्यावर ते फारसे टिकत नसे. म्हणून १९५१ साली मेक्सिकोतच जेरासी, मिरामोंतेस आणि रोझेनक्रान्झ यांनी त्याचा तोंडाने घेता येणारा भाऊबंद बनवला, नॉरएथिस्टेरॉन. अशा बनवलेल्या भाऊबंदांना प्रोजेस्टिन म्हणतात.

पिंकसचा मूळ विचार केवळ प्रोजेस्टिनचाच होता. त्याच्या नमुन्यांत इस्ट्रोजेन हे दुसरे संप्रेरक किंचित भेसळ म्हणून राहिले होते. ती भेसळ काढताच बायकांना अधूनमधून रक्तस्राव होऊ लागला. तेव्हा ती मुद्दाम परत घालण्यात आली. १९५६ साली, आपला भाग म्हैसूर राज्याला जोडला गेला त्याच वर्षी, पोर्टो रिकोच्या गरीब वस्तीत या गोळीची मोठी चाचणी सुरू झाली. प्रयोग काय आहे हे त्या बायकांना धड सांगितले गेले नव्हते. १९६० साली अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली. तिच्यात सुमारे दहा मिलिग्रॅम प्रोजेस्टिन होते. पुढे काही बायकांच्या रक्तात गुठळ्या होऊ लागल्या, आणि बोट इस्ट्रोजेनकडे गेले. शास्त्रज्ञ पुन्हा मूळ विचाराकडे वळले. १९७३ साली अमेरिकेत केवळ प्रोजेस्टिनची गोळी मान्य झाली; तिच्यात नॉरएथिस्टेरॉन होते अवघे ०.३५ मिलिग्रॅम!

ही लहान गोळी काम कसे करते? गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव ती दाट करते, त्यामुळे पुरुषबीजाला वाट मिळत नाही. काही महिन्यांत बीज बाहेर पडणेही थांबते. पुढे आलेली डेसोजेस्ट्रेलची गोळी मात्र बीज बाहेर पडणे बहुधा थांबवतेच. इस्ट्रोजेन नसल्याने ही गोळी अंगावर पाजणाऱ्या बाळंतिणीला चालते, दुधावर परिणाम करत नाही. तिची अट एकच, वेळेची. रोज ठरल्या वेळी घ्यायची, पाळीतही खंड नाही. जुन्या प्रकारात तीन तासांहून आणि डेसोजेस्ट्रेलमध्ये बारा तासांहून उशीर झाला, तर आठवताच घ्यावी आणि पुढचे दोन दिवस निरोध वापरावा. पाळी अनियमित होणे ही तिची जुनी खोड, पिंकसच्या काळापासूनची. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईने ती घेऊ नये. क्षयाचे रिफाम्पिसिन आणि फेफऱ्याची काही औषधे तिचा गुण कमी करतात, म्हणून डॉक्टरांना सारे सांगावे.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण आपल्याच घरात आहे. आपल्याकडे शब्द एकच, ‘गोळी’. वस्तू मात्र चार. सरकारी ‘माला-एन’मध्ये दोन्ही संप्रेरके असतात, बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजणारीला ती सहसा देत नाहीत. ‘छाया’ लखनौच्या प्रयोगशाळेतली, तिच्यात संप्रेरक नाही. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची. तिसरी ही केवळ प्रोजेस्टिनची. आणि चौथी संकटसमयीची. तीही प्रोजेस्टिनचीच, पण दीड मिलिग्रॅमची, रोज घेण्याची नव्हे. शिवाय २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत मिळू लागलेली ‘अंतरा’ ही दर तीन महिन्यांची सुई याच कुळातली.

कागल-गडहिंग्लजची लेक चिकोडीला नांदायला येते. दवाखान्यातला फलक कन्नडात, पाकिटातला कागद इंग्रजीत, आणि सांगणार कोण, तर सासूबाई किंवा जाऊबाई. जावेला चालली ती गोळी हिला चालेलच असे नाही, हे तिला तिच्या भाषेत कुणी सांगितले नाही, तर कर्व्यांनी सोसलेले खटले तिच्यापुरते वायाच गेले म्हणायचे. ‘अंगावर पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत’ ही समजूतही अर्धीच खरी. बाळ सहा महिन्यांच्या आतले, रात्रंदिवस फक्त आईच्या दुधावर, आणि पाळी परत आलेली नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तिचा भरवसा.

२०२३ साली अमेरिकेत केवळ प्रोजेस्टिनची एक गोळी चिठ्ठीविना विकायला परवानगी मिळाली. सँगरबाई वर्ध्याहून निघाल्या त्याला तेव्हा जवळजवळ अठ्ठ्याऐंशी वर्षे झाली होती. त्यांची इच्छा होती की निर्णय बाईच्या हाती असावा. पण हाती नुसती गोळी येऊन निर्णय हाती येत नाही. त्यासाठी गोळीबरोबर तिची माहितीही यावी लागते. आपल्या घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा नांदतात. शेजारची कन्नड वाचणारी मुलगी फलक वाचून दाखवील, आपली मराठी सून आपला प्रश्न विचारील, आणि आशाताई दोघींना उत्तर देतील. एवढ्या बोलण्याला कुठल्याही राज्याची सीमा आड येत नाही.