ऑप-अँप आणि ओलं सरपण



इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना हमखास घातलं जाणारं एक गणित घेऊ. ऑप-अँपला सप्लाय अधिक-उणे १५ व्होल्ट. फीडबॅकचे रोध ९ आणि १ किलोओहम, म्हणजे वर्धन १० पट. धन इनपुटला २ व्होल्ट दिले, तर आउटपुट किती? मुलं झटकन लिहितात, २० व्होल्ट. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, उत्तर चूक. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

गंमत अशी, की हे भान सुरुवातीला होतं. ‘ऑपरेशनल अँप्लिफायर’ हे नाव पुढे आलं ते कोलंबिया विद्यापीठातल्या जॉन रॅगाझिनी आणि सहकाऱ्यांच्या १९४७ च्या निबंधातून. ऑपरेशन म्हणजे इथे गणिती क्रिया. अ‍ॅनालॉग संगणकात विमानाची उंची, वेग, सगळं व्होल्टमध्ये मांडायचं. जॉर्ज फिलब्रिक यांच्या कंपनीचा के२-डब्ल्यू हा १९५२ च्या सुमाराचा. निर्वात नळ्यांचा, सप्लाय अधिक-उणे ३०० व्होल्ट, पण आउटपुट अधिक-उणे ५० पर्यंतच. त्यामुळे किती मीटरला एक व्होल्ट, हे आधीच ठरवावं लागे. अंदाज चुकला, की पुष्कळ यंत्रांवर ओव्हरलोडचा दिवा लागे. ते उत्तर बाद!

पुढे १९६८ मध्ये फेअरचाइल्डची ७४१ ही चिप आली. ऑप-अँप स्वस्त झाला, वर्गावर्गांत पोचला. पुस्तकांनी ‘आदर्श ऑप-अँप’ शिकवला: वर्धन अनंत, दोन्ही इनपुट समान. दिवा गेला, मर्यादा मात्र राहिली.

आपल्या गणितात ७४१ असेल, तर आउटपुट साधारण १४ व्होल्टवर अडकतं. मग ऋण इनपुटला मिळतात १.४ व्होल्ट, धन इनपुटला तर २ आहेत. समानता गेली कुठे? अहो, ती मुळात गृहीतक नव्हतीच. आउटपुट हलून हलून ती घडवत असतं. ते हलायचं थांबलं, की समानता संपली.

आपल्या नैयायिकांना हा प्रकार चांगला ठाऊक होता. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर? तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला सरपण ओलं लागतं. या न सांगितलेल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ म्हटलं. वर्धनाच्या सूत्रालाही उपाधी आहे: फीडबॅक ऋण हवा आणि आउटपुट आपल्या मर्यादेत हवं. मर्यादा प्रवाहाचीही असते बरं का. ७४१ साधारण २५ मिलिअँपिअरवर हात टेकतो. १०० ओहमच्या भारावर १० व्होल्ट हवे असतील, तर १०० मिलिअँपिअर लागतील. ते मिळणार नाहीत.

तेव्हा समानता धरून गणित सोडवा, जरूर सोडवा. मग आलेलं उत्तर सप्लायशी आणि भाराशी ताडून पाहा. बाहेर जात असेल, तर आउटपुट मर्यादेवर ठेवा, समानता सोडा आणि तिथून पुन्हा मांडणी करा. पूर्वी जे काम तो दिवा करायचा, ते आता आपल्यालाच करायचं आहे.