वंगणाच्या नळकांड्यापासून नीडल बेअरिंगपर्यंत : चाकाच्या आतला इतिहास

आजच्या भागाची सुरुवात एका प्रश्नाने करतो. लातूर किंवा नांदेडहून रात्रीच्या व्होल्वोने पुण्याला कितीतरी वेळा गेला असाल. पण ‘व्होल्वो’ म्हणजे काय, हे कधी शोधलंय का?

हा लॅटिन शब्द आहे. अर्थ साधा : ‘मी फिरतो’, ‘मी गडगडतो’. हे नाव आधी बसचंही नव्हतं आणि कारचंही नव्हतं. एसकेएफ या स्वीडनच्या कंपनीने 1915 मध्ये ते आपल्या बेअरिंगसाठी नोंदवून ठेवलं होतं. पहिली व्होल्वो कार आली ती 1927 मध्ये. म्हणजे बेअरिंग आधी, गाडी नंतर!

आजचा विषय तोच आहे. जुन्या स्पोर्ट्स कारच्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं की काय होतं, ते बदलायचं कसं, आणि या कामाचं आपल्या आजोबांच्या बैलगाडीशी काय नातं आहे.

आधी बैलगाडी बघू. जुन्या लाकडी गाडीत बेअरिंग नव्हतं. लोखंडी आस आणि तिच्यावर फिरणारा चाकाचा तुंबा, एवढंच. एकावर एक घासत फिरायचं. मध्ये काय? तर वंगण. गाडीखाली टांगलेल्या नळकांड्यात एरंडेलासारखं तेल असायचं. लांबच्या वाटेला निघण्याआधी चाक जरा बाहेर ओढायचं, वंगण घालायचं, चाक परत बसवून खीळ लावायची. विसरलात तर चाक आधी करकरणार, मग आस झिजणार. त्रास मात्र बैलाला.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. झिजलेलं चाक दुरुस्त व्हायचं ते गावातच. सुतार आणि लोहार दोघेही बलुतेदार, सुगीला त्यांना धान्य मिळायचं. गाडीवाल्याला आपल्या चाकाचा आतला भाग रोज डोळ्यांनी दिसायचा.

आता लातूरला रेल्वे आली तो काळ. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. अडीच फुटी रूळ, म्हणजे 762 मिलिमीटर. 1897 मध्ये पहिला टप्पा, 1906 मध्ये पंढरपूर, आणि 1911 मध्ये गाडी लातूरला पोचली. लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. कॅलथ्रॉपचा हिशोब मजेदार होता. रूळ हलके आहेत ना, मग कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार यायचाच नाही. इंजिन असो की डबा, भार सगळ्या आसांवर वाटून टाकायचा.

पण त्या काळी रेल्वेच्या डब्यांचा आस तरी कशावर फिरायचा? बहुतेक ठिकाणी बैलगाडीचंच तत्त्व. आसाच्या टोकावर धातूची गुळगुळीत वाटी, आणि पेटीत तेलात भिजवलेले सुताचे बोळे. तेल आटलं की आस तापायचा, धूर निघायचा, कधी आसच तुटायचा. म्हणून स्टेशनात गाडी थांबली की कर्मचारी या पेट्या तपासत फिरायचे. नळकांड्याच्या जागी पेटी आली, पण घासणं तेच राहिलं.

घासण्याऐवजी गडगडवायचं, ही कल्पना तशी जुनी. वेल्समधल्या फिलिप वॉनने 1794 मध्ये घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. 1898 मध्ये अमेरिकेत हेन्री टिमकेनने निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. टिमकेन मूळचा बग्गी बनवणारा माणूस. वळणावर चाकाला बाजूनेही रेटा बसतो. वजन आणि हा रेटा दोन्ही एकदम पेलायला निमुळते रोलर कामाला येतात. म्हणजे बघा, कारच्या चाकात आज जे बेअरिंग सापडतं, ते आधी जनावरं ओढतात त्या गाड्यांसाठी सुचलं होतं! आज लातूरजवळ मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरी उभी आहे, आणि आपल्या एलएचबी डब्यांच्या आसांना निमुळत्या रोलरचंच बेअरिंग असतं.

आता एसकेएफची गोष्ट. ही मराठवाड्याच्या माणसाला लगेच कळेल. स्वेन विंगक्विस्ट हा गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत इंजिनिअर होता. गिरणी चिकणमातीवर बांधलेली. जमीन खचायची, इमारत हलायची, यंत्रं फिरवणारे लांबच लांब दांडे वाकडे व्हायचे आणि बेअरिंग पटापट जायची. आपली काळी माती आठवा! पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, घराच्या भिंतींना तडे जातात. विंगक्विस्टने 1907 मध्ये असं बेअरिंग काढलं, की दांडा थोडा तिरका झाला तरी ते स्वतःला सावरून घेतं. जमीन सरळ करता येत नव्हती, म्हणून त्याने बेअरिंग समजूतदार केलं.

1960 च्या दशकात ही विद्या आपल्याकडे आली. एसकेएफचा कारखाना चिंचवडला उभा राहिला. 1965 मध्ये फ्रेंच सहकार्याने एनआरबी ही कंपनी सुरू झाली. एन म्हणजे नीडल, सुईसारखे बारीक रोलर. तिचे कारखाने पुढे ठाण्याबरोबरच मराठवाड्यात जालना आणि वाळूजलाही आले. म्हणजे हा विषय परदेशातला नाही हो, घरचाच आहे.

आता स्पोर्ट्स कार. ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन माणसांची छोटी, उघडी गाडी 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमध्ये बनली. तिची जवळची बहीण आपल्याकडे होती : स्टँडर्ड हेराल्ड, 1961 पासून मद्रासला बनायची. दोघींचं डिझाइन इटलीच्या जिओव्हानी मिकेलोट्टीचं, आणि मागच्या चाकांची मूळ रचनाही सारखीच. आतून फिरता आस येतो, त्याच्या टोकावर हब बसतो. आसाला आधार दोन बेअरिंगचा : एक गोळ्यांचं, एक नीडल.

गंमत आणि धोका दोन्ही इथेच आहे. नीडल बेअरिंगला आतली कडी नाही. सुया थेट आसावरच फिरतात. ग्रीस सुकलं की सुयांबरोबर आसही झिजतो, त्यावर चरे पडतात. म्हणजे थेट बैलगाडीचीच कथा! वंगण विसरलं की आस गेला. आणि या रचनेत हबाजवळ आस तुटला, तर चाक गाडी सोडून निघून जातं.

ओळखायचं कसं? वेगाबरोबर वाढणारी ‘घूंऽऽ’ अशी गुणगुण. तशी टायरचीही असते, म्हणून खात्री करा. सपाट जागी पुढच्या चाकांना ओट लावा, मागची बाजू उचला, गाडी घोडीवर टेका. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालायचा नाही. चाक वरून-खालून धरून हलवा, मग हाताने फिरवा. खडखड किंवा खरखर जाणवली, तर खोलायची वेळ झाली.

हब निमुळत्या आसावर चावीने इतका घट्ट बसलेला असतो की हातोड्याने ठोकाल तर हब वाकेल, आसाचे आटे जातील. त्याला जाड, मजबूत पुलरच लागतो. तो नसेल तर पूर्ण आस काढून प्रेसवाल्याकडे न्या. नवं बेअरिंग घरात बसवताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर द्या. आतल्या कडीवर दाबलं तर तो जोर गोळ्यांमधून जातो, कडीला बारीक खड्डे पडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणायला लागतं. ऑइल सील नवंच टाका. नट मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढाच आवळा. सगळ्यात महत्त्वाचं : सुया फिरतात त्या जागी आसावर नख फिरवून बघा. चरा लागला, तर शंभर नवी बेअरिंग घातली तरी उपयोग नाही, आसच बदलावा लागेल.

या घरावर एक छोटा प्लग असतो. तो काढून तिथे ग्रीस निपल लावायची आणि ग्रीस भरायचं. पाच मिनिटांचं काम. ते वर्षानुवर्षं होत नाही, म्हणून महागडा आस जातो.

का होत नाही? तर आज बहुतेक नव्या गाड्यांची बेअरिंग सीलबंद येतात. ग्रीस आतच, उघडायचं नाही, वाजलं की अख्खं बदलायचं. यात आपला फायदाच झाला. रोजची कटकट गेली, चाकं हजारो किलोमीटर निमूट फिरतात. पण चाकाच्या आत बघायची सवयही गेली. देखभाल गावच्या सुतार-लोहाराकडून निघून कारखान्यात गेली. जुनी गाडी घेणारा माणूस मात्र अजून नळकांड्याच्याच काळात असतो. फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

आणि बैलाचं काय झालं? ऊसतोडीच्या टायरगाड्या तुम्ही पाहिल्याच असतील. रबरी टायर आले, बेअरिंग आली, चाक हलकं झालं. मग आपण बैलाला आराम दिला का? नाही, गाडीवर ऊस वाढवला. बेअरिंग घर्षण कमी करतं, भार कमी करत नाही. किती लादायचं, ते शेवटी माणूसच ठरवतो.

तर या रविवारी एक काम करा. कार असो, आजोबांची हेराल्ड असो की टायरगाडी, चाक उचला, हाताने फिरवा आणि कान लावा. गाडी आपल्याकडे असो वा नसो, घरातल्या मोठ्यांना वंगणाच्या नळकांड्याबद्दल नक्की विचारा. काय सांगतात ते आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात!