नारळी पौर्णिमेपर्यंतचा खेळ

देवगडचा इतिहास सांगावयाचा म्हटले म्हणजे माणसे प्रथम किल्ल्याकडे बोट दाखवितात. १७०५ साली आंग्र्यांच्या अमदानीत उभा राहिलेला किल्ला, १९१५ पासूनचा दीपस्तंभ, खाली बंदर, आणि मग ओघानेच हापूस आंबा. या यादीत फुटबॉलचे नाव कोणी घेत नाही, आणि त्यात कोणाची चूकही नाही. या खेळात आमच्या गावाने नाव काढले असे कधी घडले नाही. तरीही १९६० नंतरच्या त्या दिवसांत एक पावसाळा असा आला की, आमच्या शाळेचे दोन संघ, एक लहानांचा आणि एक मोठ्यांचा, रोज संध्याकाळी सड्यावर भिजत फुटबॉल खेळत होते. मोठ्यांच्या संघात उजव्या अंगाने धावणारा एक किडकिडीत मुलगा होता, तो मी.

त्या एका मोसमाची हकिकत सांगावी, आणि तिच्या निमित्ताने एक कोडे सुटते का पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू. कोडे असे आहे. देवगडच्या दक्षिणेला गोवा, पूर्वेला घाटापलीकडे कोल्हापूर आणि उत्तरेला मुंबई. तिन्ही ठिकाणे फुटबॉलवेडी, आणि तिन्ही ठिकाणांशी आमच्या माणसांचे जाणे-येणे. एवढ्या तीन चुली पेटलेल्या असताना मधल्या घरात मात्र विस्तव का नसावा?

शाळा हे काही या खेळाला अपुरे ठिकाण नव्हे. खुद्द फुटबॉल शाळेतच घडला. ईटन, हॅरो, रग्बी या इंग्रजी शाळांत ज्याचे त्याचे नियम निराळे असत. कोठे चेंडू हातात घेता येई, कोठे येत नसे. या शाळांतून केंब्रिजला गेलेल्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली सर्वांना चालतील असे नियम करून पाहिले, आणि १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा कोठे खेळाला एक रूप आले. आपल्याकडेही तसेच. कलकत्त्यात १८७७ साली नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी या शाळकरी पोराने गोऱ्या सोल्जरांचा चेंडू पायाने परत मारला आणि मग हेअर स्कूलमधल्या सोबत्यांना गोळा करून खेळ सुरू केला, असे बंगाली लोक अभिमानाने सांगतात. श्रीनगरला १८९१ साली टिंडेल-बिस्को या पाद्री मुख्याध्यापकाने शाळेत चेंडू आणला, तेव्हा ब्राह्मणांची मुले त्याला शिवेनात, कारण तो चामड्याचा. एका मुलाच्या तोंडावर चेंडू बसला तेव्हा बाटलो म्हणून तो रडू लागला. त्याला पाण्यावर नेऊन तोंड धुवून आणले आणि खेळ पुढे चालू झाला! आणि आमच्या शेजारी गोव्यात, शिवोलीला, १८८३ साली फादर विल्यम लायन्स या आयरिश धर्मगुरूने आपल्या विद्यार्थ्यांना जो खेळ शिकविला, त्याचेच झाड पुढे साऱ्या गोमंतकभर पसरले.

मग आमच्या शाळेत असे का झाले नाही? त्या मोसमाकडे वळतो.

त्या वर्षी घाटावरून एक नवे व्यायामशिक्षक आमच्या शाळेत आले. शिक्षण कोल्हापुरात झालेले. जून महिन्यात शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी पिशवीतून चामड्याचा चेंडू काढला. आम्हांला हुतूतू, आट्यापाट्या, लगोरी यांची सवय. फुटबॉल बहुतेकांनी चित्रातच पाहिलेला. देवगडचा पाऊस म्हणजे शंभर इंचांच्या घरातला. त्या पावसात दुसरा कोणताही मैदानी खेळ शक्य नव्हता, आणि सरांना तर पाऊसच हवा होता. कारण आमचे मैदान म्हणजे सडा, जांभ्या दगडाचा उघडा कातळ. उन्हाळ्यात त्याच्यावर पडले की गुडघ्याचे सालटे जाते. पावसाळ्यात मात्र त्याच्यावर बोटभर गवत येते, खळग्यांत पाणी साचते, आणि पडणे निदान सोसण्याजोगे होते.

बूट कोणाकडेच नव्हते. त्याबद्दल आम्ही कुरकुर केली तेव्हा सरांनी आम्हांला दोन गोष्टी सांगितल्या. १९११ साली मोहन बागानच्या संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा त्यांच्या अकरांपैकी एकाच्याच पायात बूट होते. आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू फ्रान्सविरुद्ध अनवाणीच उतरले आणि अवघ्या एका गोलाने हरले. त्यानंतर बुटांचा विषय पुन्हा निघाला नाही.

चेंडूचे मात्र हाल होत. पाणी पिऊन तो दगडासारखा जड होई, आणि डोक्याने मारताना त्याची वादी कपाळावर लागली तर वळ उठे. आनंदवाडीच्या पोरांनी यावर आपल्या घरचा उपाय काढला. होड्यांना लावतात ते माशाचे तेल त्यांनी चेंडूला चोळले. पाणी शिरणे बरेच कमी झाले, पण त्या चेंडूला जो वास सुटला तो मोसम संपेपर्यंत गेला नाही. जामसंड्याच्या बाजूची काही मुले चेंडूपासून नाक दाबून पळत. श्रीनगरच्या पोरांची गोष्ट मी पुढे वाचली, तेव्हा मला त्यांची आठवण होऊन हसू आले.

आमचा गोलकीपर याच आनंदवाडीचा. अभ्यासात मागे, पण होडीवरून फेकलेला दोर झेलण्याची सवय असल्यामुळे हाताचा असा पक्का की, चेंडू एकदा त्याच्या छातीशी गेला की गेला. जुलैमध्ये शेजारच्या तालुक्यातील एका शाळेचे दोन्ही संघ आमच्याकडे आले. आमचा लहानांचा संघ हरला, पण मोठ्यांनी २-१ असा सामना जिंकला, आणि तो विजय खरे पाहता त्या एका मुलाचा होता. परतीचा सामना ऑगस्टअखेर त्यांच्या गावी ठरला. सरांनी मोठ्या उत्साहाने तयारी चालविली.

आणि नारळी पौर्णिमा आली. बंदरावर नारळ अर्पण झाले, होड्या पाण्यात लोटल्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आमचा गोलकीपर मैदानावर दिसेना. तो शाळेतही दिसेना. सर आम्हा दोघातिघांना घेऊन त्याच्या घरी गेले. बाप जाळे सारखे करीत बसला होता. त्याने सरांना बसायला पाट दिला, चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "तुमचा म्हणणा बरोबर आसा, मास्तरांनू. पण येक माणूस कमी पडलो काय होडी किनाऱ्यारच रवता."

यावर सर काही बोलले नाहीत. परत येताना वाटेतही बोलले नाहीत. परतीच्या सामन्यात गोलमध्ये मला उभे केले, आणि आम्ही पाच गोलांनी हरलो. मग गणपती आले, त्यांच्यामागून भातकापणी आली, मग गवताची कापणी. दिवाळीपर्यंत सड्यावरचे गवत करपून कातळ पुन्हा उघडा पडला. वर्षअखेर सर आपल्या गावाकडे नोकरी मिळाली म्हणून निघून गेले. चेंडू शाळेच्या कपाटात राहिला. पुढच्या जूनमध्ये त्याचा ब्लॅडर फुटलेला आढळला, आणि तो बदलावा असे कोणालाच वाटले नाही.

हा झाला आमचा इतिहास. आता कोड्याकडे येतो.

पुष्कळ वर्षे मी समजत होतो की, आमच्याकडे मैदान नव्हते, बूट नव्हते, पैसा नव्हता, म्हणून खेळ रुजला नाही. पुढे नोकरीच्या निमित्ताने कोल्हापूर पाहिले, गोवा पाहिला, मुंबईत आयुष्य गेले, आणि हे कारण पुरेसे नाही असे ध्यानात आले. गोव्यातील खेडी आमच्याहून श्रीमंत नव्हती. पण तेथे पोरगा शाळेतून बाहेर पडला तरी खेळातून बाहेर पडत नसे. चर्चची फेस्ते असत, वाड्यावाड्यांचे सामने असत, भात कापल्यावर रिकामी झालेली शेते हीच मैदाने होत. पुढे खाणमालक आणि व्यापारी घराण्यांनी क्लब काढले. साळगावकरांचा १९५६ सालचा. खेळणाऱ्या पोराला त्यामुळे पगारही दिसू लागला.

कोल्हापुरात हेच काम तालमींनी केले. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले, आणि पेठापेठांतून तालमी नांदत्या ठेवल्या. फुटबॉल आला तेव्हा त्याला राहावयास घर तयारच होते. खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, बालगोपाल, दिलबहार ही नावे कुस्तीच्या आखाड्याची, पण शाहू स्टेडियममध्ये त्यांच्यासाठी जो आरडाओरडा चालतो तो फुटबॉलचा. आजोबा ज्या तालमीचा, नातूही त्याच तालमीचा. शाळा सुटली तरी पेठ सुटत नाही.

मुंबईत प्रारंभ पलटणींनी केला. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स चषक १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने जिंकेपर्यंत गोऱ्या पलटणींनी सोडला नव्हता. पुढे कंपन्यांनी संघ बाळगले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईच्याच मैदानांवर नावारूपाला आला.

आमच्या गावची पोरेही मुंबईत हजारांनी गेली. पण ती गिरणगावच्या चाळींत गेली, आणि तेथे त्यांनी जो खेळ वाढविला तो कबड्डी. त्याला चेंडू लागत नाही, पैसा लागत नाही, दोन चाळींमधली जागा पुरते. मुख्य म्हणजे तो गावाच्या पंचांगात बसतो. कापणी आटोपली, होळी जवळ आली की रात्री दिव्याच्या उजेडात खेळता येतो. त्यासाठी कोणाला होडी किंवा शेत सोडावे लागत नाही. फुटबॉल आमच्याकडे आला तो जून ते नारळी पौर्णिमा एवढ्याच फटीतून आला. त्यानंतर तो सांभाळील असे चर्च, तालीम की कंपनी आमच्याजवळ नव्हती. होती ती एकटी शाळा. आणि शाळेतला मुलगा तर जाण्यासाठीच वाढत असतो. एक समुद्रावर गेला, उरलेले मॅट्रिक होऊन मुंबईला गेले.

तेव्हापासून पुष्कळ बदलले आहे. १९६० साली दिल्लीत शाळांसाठी सुरू झालेल्या सुब्रतो चषकाची चाळणी आता तालुक्यापासून लागते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यावर आमच्या पोरांना रत्नागिरीची वाट धरावी लागत नाही. मात्र जिल्हा जिंकला की पुढे विभाग लागतो, आणि विभाग कोल्हापूरचा! फोंडा घाट चढून गेलेल्या आमच्या पोरांपुढे पेठांतल्या पोरांचा संघ उभा राहतो. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या स्पर्धेच्या तोंडावर, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, एका दिवसात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा बेत महाराष्ट्र सरकारने केला आणि शाळाशाळांतून चेंडू पाठविले. ते चेंडू पाहून मला आमच्या कपाटातल्या चेंडूची आठवण झाली, आणि थोडी धास्तीही वाटली.

मागे एकदा श्रावणात गावी गेलो होतो. संध्याकाळी छत्री घेऊन सड्यावर चढलो, तो दहाबारा मुले खेळत होती. चेंडू कृत्रिम कातड्याचा, पाणी न पिणारा. त्यांना शिकविणारा तरुण शाळेचा शिक्षक नव्हता. तो तेथलाच जुना विद्यार्थी; पुण्यात काही वर्षे नोकरी करून परत आलेला, वडिलांच्या आंब्याच्या बागा पाहणारा. मी त्याला विचारले, "नारळी पौर्णिमेनंतर काय करता?"

त्याला प्रश्नाचा रोख कळला नाही. "खेळतो की, काका," तो म्हणाला. "भातकापणीत आठपंधरा दिवस पोरे कमी येतात. मग पुन्हा येतात. काही तर शाळा सोडलेलीही येतात."

मी त्यातल्या शाळा सोडलेल्यांकडे बोट दाखवावयास सांगितले. तीन होते. एक गोलमध्ये उभा होता. पाऊस वाढला तरी मी खेळ सुटेपर्यंत तेथेच थांबलो.