मोटारीच्या कळा आणि माणसाचा हात

कुळव हाकणारा जाणता शेतकरी रुमण्याकडे पाहत नाही. त्याची नजर बैलांवर असते, पुढच्या तासावर असते. रुमणे कोठे किती दाबायचे ते त्याच्या हाताला ठाऊक असते. हार्मोनियम वाजवणाऱ्याचेही तसेच. त्याचे लक्ष गाणाऱ्याकडे; बोटे आपली आपण सुरावर जातात. अशा या ज्ञानाला आपण हाताचे वळण म्हणतो. ते शिकायला वेळ लागतो. पण एकदा बसले की डोळे आणि मन दुसऱ्या कामाला मोकळे होतात. आज आपण मोटारीचा इतिहास याच एका बाजूने पाहणार आहोत.

आजच्या किमती मोटारीत बसा. समोर काचेची एक मोठी पाटी दिसते. रेडिओ, नकाशा, टेलिफोन, थंडगार वारा, बसायच्या जागेची ऊब, सारे त्या पाटीवर. माहिती आणि करमणूक हे दोन शब्द जोडून या व्यवस्थेला ‘इन्फोटेनमेंट’ असे नाव मिळाले आहे. गंमत अशी, की घराच्या किमतीची गाडी घेतलेला मालक पहिले काही आठवडे तीत चाचपडत असतो. वारा कमी करायला जातो आणि गाणे बदलते. असे का व्हावे? तो मनुष्य अडाणी आहे म्हणून? नाही. उत्तरासाठी शंभर वर्षे मागे जायला हवे.

अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९०८ साली बाजारात आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटीवर विकली गेली. ती आजच्या चालकाच्या हाती दिली तर त्याला जागची हलवता येणार नाही. तिला पायाशी तीन पट्ट्या होत्या. डावी पूर्ण दाबली की गाडी हळू चाले, सोडली की वेगाने जाई. मधली दाबली की मागे येई. उजवी दाबली की थांबे. वेग वाढवायचे काम पायाकडे नव्हतेच. स्टिअरिंगच्या चाकाखाली उजव्या हाताला एक छोटी दांडी असे, ती ओढायची. डाव्या हाताच्या दांडीने इंजिनातल्या ठिणगीची वेळ साधायची. त्या काळी कारखाना बदलला की कळांची मांडणी बदले. एक गाडी शिकलेला मनुष्य दुसऱ्या गाडीपुढे पुन्हा नवशिका होई.

१९१६ सालच्या कॅडिलॅकच्या ‘टाइप ५३’ गाडीत क्लच, ब्रेक आणि वेगाची पट्टी आज असतात त्याच क्रमाने आली. गिअरची दांडी आणि हातब्रेक दोन्ही मधोमध बसले. इंग्लंडात १९२२ साली निघालेल्या स्वस्त आणि लहानशा ‘ऑस्टिन सेव्हन’मुळे ही मांडणी सामान्य माणसापर्यंत पोहोचली. हळूहळू साऱ्या जगाने ती उचलली. हा शोध इंजिनाच्या शोधाइतका गाजला नाही, पण त्याची किंमत मोठी आहे. ब्रेक कोठे आहे हे सगळ्या गाड्यांनी एकमताने ठरवले, म्हणूनच समोर गुरू आडवे आले तर पाय विचार न करता योग्य पट्टीवर पडतो. शाळेतल्या मुळाक्षरांसारखी ही साऱ्यांची सामाईक ठेव आहे.

या एकमताला जेव्हा जेव्हा तडा गेला, तेव्हा तेव्हा माणसे अडखळली. आपले आपण गिअर बदलणाऱ्या गाड्या अमेरिकेत आल्या, तेव्हा दांडीवरच्या खुणांचा क्रम कारखान्यागणिक निराळा होता. काहींत मागे जाण्याची खूण पुढे जाण्याच्या खुणेला अगदी लागून होती. हात थोडा जास्त सरकला की गाडी उलट धावे. क्रायस्लर कंपनीने तर १९५६ ते १९६४ पर्यंत दांडीऐवजी बटणे दिली. शेवटी १९६८ सालापासून अमेरिकेत सरकारी नियम लागू झाला, की पुढे आणि मागे यांच्यामध्ये ‘न्यूट्रल’ची जागा असलीच पाहिजे.

आपल्याकडेही सवयीचे असे दोन मार्ग होतेच. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीला गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबाला होती. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या दोन-तीन पिढ्यांचा डावा हात तिच्यावर घडला. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. आणि आजचे उदाहरण पाहायचे, तर आपल्या देशातल्या बहुतेक गाड्यांत वळणाचा दिवा लावायची दांडी उजव्या हाताला असते; युरोपीय धाटणीच्या किमती गाड्यांत ती डाव्या हाताला असते. अशा गाडीत नवा चालक वळताना दिवा लावायला जातो आणि भर उन्हात काचेवरचा वायपर नाचू लागतो. पाहणारे हसतात, पण मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला इशारा मिळत नाही, हे काही हसण्यासारखे नाही.

आता करमणुकीकडे वळू. मोटारीत रेडिओ बसवून विकण्याचा धंदा पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने अमेरिकेत १९३० साली उभा केला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. मोटारीत गाणे नको, चालकाचे लक्ष उडेल, अशी ओरड तेव्हाही झाली. पण त्या रेडिओला दोन गोल कान होते. एक पिळला की आवाज वाढे, दुसरा पिळला की स्टेशन बदले. अंधारातही बोटांना ते सापडत. म्हणून तो रेडिओ मोटारीत नांदला.

काचेच्या पाटीला बोट लावून काम करण्याची रीत मोटारीत आली ती १९८६ साली. ‘ब्युइक रिव्हिएरा’ या गाडीत हिरव्या अक्षरांचा एक छोटा पडदा बसवला होता. रेडिओ आणि हवा दोन्ही त्याच्यावरून चालवायची. गिऱ्हाईक कुरकुरले. साधे काम करायला रस्त्यावरची नजर काढावी लागते, ही मुख्य तक्रार होती. चार-पाच वर्षांत कंपनीने पडदा काढला आणि पुन्हा बटणे लावली.

२००१ साली जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने आपल्या सर्वांत मोठ्या गाडीत निराळा उपाय योजला. पडदा वर, नजरेच्या जवळ ठेवला आणि दोन आसनांच्या मध्ये एकच गोल मूठ दिली. तिला ‘आयड्राइव्ह’ म्हणत. ती फिरवायची, दाबायची, आठ दिशांना सरकवायची. शेकडो कामे तिच्याकडे सोपवलेली. कल्पना वाईट नव्हती, कारण हात खाली आणि नजर वर राहत होती. पण एका यादीत दुसरी यादी, तिच्या पोटात तिसरी, असा मामला झाला आणि चालक वाट चुकू लागले. टीका खूप झाली. पुढे २००८ साली त्याच कंपनीने मुठीभोवती रेडिओ, टेलिफोन, नकाशा यांची सरळ बटणे दिली. मग मात्र तीच मूठ लोकांना आवडू लागली. चूक मुठीची नव्हती. एका दारातून साऱ्या गावाला आत-बाहेर करायला लावले, ही चूक होती.

२०१२ साली टेस्ला कंपनीच्या ‘मॉडेल एस’मध्ये सतरा इंची पडदा आला आणि बटणे जवळजवळ नाहीशी झाली. मग इतरांनीही तोच कित्ता गिरवला. याचे कारण केवळ हौस नव्हे. प्रत्येक बटणाला साचा लागतो, तार लागते, जागा लागते. एक पडदा त्या साऱ्यांचे काम करतो आणि नवी सोय नंतरही त्यात घालता येते. कारखान्याला हे सोयीचे. पण यात एक मेख आहे. पडद्यावरचा आराखडा कारखाना मागाहून बदलू शकतो. काल जेथे बोट जात होते, तेथे आज दुसरेच काही असते. शिवाय गुळगुळीत काचेला ना उंचवटा ना खाच. बोटाला काही कळत नाही, म्हणून डोळ्याला यावे लागते.

डोळा गेला म्हणजे काय होते, याचा हिशेब शिक्षकांनी वर्गात घालण्यासारखा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. दोन सेकंद नजर पडद्यावर राहिली, तर चाळीस मीटरहून अधिक रस्ता चालकाने आंधळेपणाने ओलांडला. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याने २०१३ साली कारखान्यांना सल्ला दिला तो याच हिशेबाने : नजर एका वेळी दोन सेकंदांहून जास्त हटू नये, आणि एक काम पुरे करायला एकंदर बारा सेकंदांहून जास्त लागू नयेत.

स्वीडनमधल्या ‘वी बीलएगारे’ या मोटार-मासिकाने २०२२ साली एक चाचणी घेतली. वेग ताशी ११० किलोमीटर. वाहतूक नसलेली धावपट्टी. चालकांना गाड्यांची ओळख आधी करून दिलेली. हवा, रेडिओ आणि दिवे यांची चार साधी कामे करायची. २००५ सालच्या, बटणे असलेल्या जुन्या व्होल्वो गाडीत ती दहा सेकंदांत झाली; तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे राहिलेल्या नव्या गाडीत तीच कामे सुमारे पंचेचाळीस सेकंद चालली. गाडी १३७२ मीटर गेली. म्हणजे सवा किलोमीटरहून अधिक!

ही गोष्ट मोटारीपुरती नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ ही अमेरिकेची युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा खलाशी गेले. स्पर्शाच्या पडद्यावर सुकाणू आणि वेग यांचा ताबा एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे देताना घोटाळा झाला होता. प्रशिक्षणही अपुरे होते. चौकशीनंतर, २०१९ साली, हाताने सरकवायच्या दांड्या जहाजांवर पुन्हा बसवण्याचे त्या आरमाराने ठरवले.

आता वारा फिरला आहे. गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या युरोपीय संस्थेने २०२६ पासूनच्या परीक्षेत पूर्ण गुणांसाठी अट घातली, की वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि मदतीची हाक या पाच कामांना हाताला लागणारी खरी कळ असावी.

अशी गाडी तुमच्या हाती आली, मग ती स्वतःची असो की मालकाची, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. पहिला धडा गाडी उभी असताना घ्या. काच पुसणे, काचेवरचे धुके घालवणे, दिवे, भोंगा आणि आवाज बंद करणे, ही कामे आधी शिका. डोळे मिटून हात तेथे जातो का ते पाहा. स्टिअरिंगच्या चाकावरची बटणे आधी पाठ करा, कारण ती हातापासून दूर नसतात. नकाशावरचे ठिकाण निघण्यापूर्वीच घाला. तोंडाने सांगून काम होत असेल तर तसे करा. बाकीच्या शंभर सोयी राहू द्या. पुस्तकातल्या सगळ्याच पानांची परीक्षा नसते. आणि चालत्या गाडीत काही सापडले नाही, तर शेजारच्याला सांगा किंवा रस्त्याच्या कडेला थांबा. थांबण्यात कमीपणा नाही.

कोणी म्हणेल, श्रीमंतांच्या गाडीची ही चिंता आम्ही का वाहावी? जर्मन बनावटीच्या किमती गाड्या १९९५ साली पुण्याजवळ पिंपरीत जोडल्या जाऊ लागल्या आणि २००९ पासून चाकणमध्ये जोडल्या जात आहेत. त्यांची जोडणी करणारे हात आपल्याच मुलखातले आहेत. आणि गाडी ज्याची असेल त्याची असो, रस्ता सर्वांचा आहे. त्याच रस्त्याने शाळा सुटल्यावर पोरे दप्तरे सांभाळत घरी येतात, म्हातारी शेळ्या घेऊन पलीकडे जाते, उसाची बैलगाडी रात्री दिव्याविना चालते. चालकाची नजर दोन सेकंद कोठे आहे, यावर त्यांचे सुखरूप घरी पोहोचणे अवलंबून आहे. म्हणून गुरुजींनी तो चाळीस मीटरांचा हिशेब मुलांकडून अवश्य करून घ्यावा. आणि जमल्यास शाळेपुढच्या रस्त्यावर दोरीने मोजून दाखवावा.