‘केसरी’चा पहिला आठवडा

जुन्या साप्ताहिकांची सूची करणाऱ्यास नुसती तारीख पुरत नाही. एखादा अंक हरवला आहे की निघालाच नाही, हा प्रश्न पडण्यासाठी आधी खंड दिसावा लागतो, आणि तो आठवड्यांच्या क्रमांकांत चटकन दिसतो. म्हणून सूचिकार एक्सेलच्या तक्त्यात तारखांच्या शेजारी ‘वीकनम’ हे सूत्र घालतात. क्षणात आकडे मिळतात. ते आकडे कोणत्या संकेताचे आहेत, हे मात्र सहसा कोणी नोंदवत नाही.

वर्ष सूर्याचे, महिना मुळात चंद्राचा. आठवडा दोघांचाही नाही. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी पंचांग सुधारले, तेव्हा गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. दहा तारखा गळाल्या, वारांची माळ तुटली नाही. आपल्याकडील ताम्रपटांच्या मित्या तपासताना संशोधक वाराची साक्ष काढतात, ती याच अखंडतेच्या भरवशावर. परंतु वर्षात बावन्न आठवडे भरूनही एखाददुसरा दिवस उरतोच. त्यामुळे पहिला आठवडा कोणता, हे माणसांनाच ठरवावे लागते.

‘वीकनम’ मुळात १ जानेवारी ज्या आठवड्यात येते त्याला पहिला मानते आणि आठवडा रविवारी सुरू करते. १९८८ च्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ४ जानेवारी ज्यात पडते तो पहिला. आता ‘केसरी’ पाहा. त्याचा पहिला अंक मंगळवार, ४ जानेवारी १८८१ चा; त्याचे इंग्रजी भावंड ‘मराठा’ दोनच दिवस आधी, रविवारी निघाले. ‘वीकनम’च्या मूळ हिशेबाने दोन्ही अंक १८८१ च्या दुसऱ्या आठवड्यातले. आयएसओच्या हिशेबाने ‘केसरी’ १८८१ च्या पहिल्या आठवड्यातला, तर ‘मराठा’ चक्क १८८० च्या त्रेपन्नाव्या! टिळक-आगरकरांच्या एकाच उपक्रमाची ही दोन पत्रे अशी दोन वर्षांत विभागली जातात, आणि सूचीत संकेत लिहिलेला नसेल तर पुढचा अभ्यासक १८८० साली निघालेला ‘मराठा’ शोधत बसेल.

शिवाय एक्सेलला १९०० पूर्वीचा इतिहासच नाही. जुनी तारीख त्याला केवळ मजकूर वाटते. १९०० चे आरंभीचे दोन महिनेही भरवशाचे नाहीत: लोटस १-२-३ मधली चूक सुसंगतीसाठी तशीच ठेवल्याने ते वर्ष तेथे लीप धरले जाते, आणि २ जानेवारी १९०० चा मंगळवार सोमवार होतो.

यावर उपाय सोपा आहे. ग्रेगरियन पंचांगाच्या ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस, म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे असतात. सालात ४०० मिळवले की वार तोच राहतो. १८८१ ऐवजी २२८१ लिहावे, आणि आयएसओचा क्रमांक हवा असल्यास सूत्रात तारखेपुढे २१ हा आकडा द्यावा. ही सोय एक्सेलच्या २०१० च्या आवृत्तीपासून आहे. ‘दर्पण’साठी आम्ही हेच केले. ६ जानेवारी १८३२ रोजी पाक्षिक म्हणून निघालेले ते पत्र ४ मेपासून साप्ताहिक झाले. दोन्ही तारखा शुक्रवारच्या, आणि दोन्ही संकेतांनी पहिली पहिल्या आठवड्यात येते, दुसरी अठराव्या.