‘मला काहीही झालेलं नाही’: मॅनिया ओळखण्याचा इतिहास

पॉडकास्टच्या या भागात नैराश्यावर भरपूर बोलणं झालं, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे मॅनियाला, जेमतेम पाच मिनिटं मिळाली. ती उणीव इथे भरून काढू या.

नैराश्याची दोन-चार लक्षणं तुमच्यापैकी बहुतेकांना सांगता येतील. पण समजा, तुमचा रूममेट सलग चार रात्री दोन-दोन तास झोपून टवटवीत दिसतोय, आठवड्यात तीन स्टार्टअप काढायला निघालाय, पहाटे तीनला सगळ्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकतोय. आपण काय म्हणतो? ‘काय एनर्जी आहे यार!’ घरचे फोनवर म्हणतात, ‘स्वारी भलतीच रंगात आहे.’ दुखतंय म्हणणाऱ्याला डॉक्टरकडे नेणं सोपं असतं. आयुष्यात कधी नव्हतं इतकं छान वाटतंय, असं म्हणणाऱ्याला कसं नेणार?

हा पेच नवा नाही. मॅनियाचा सगळा इतिहासच याच एका अडचणीभोवती फिरतो: ज्याला तो झालाय, त्याला तो सहसा दिसत नाही.

शब्द आधी आला, आजार नंतर

रोमन साम्राज्यात राहणाऱ्या अरेटिअस या ग्रीक वैद्याने साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात मॅनियाच्या रुग्णांचं वर्णन केलं. काही जण रात्रंदिवस हसतात, नाचतात, स्पर्धा जिंकल्यासारखे डोक्यावर मुकुट चढवून बाजारात हिंडतात. कुणाला न शिकता खगोलशास्त्र येऊ लागतं, कुणाला काव्य स्फुरतं. काही मात्र चिडतात, अंगावर धावून जातात. आनंद आणि चिडचिड ही एकाच आजाराची दोन रूपं असू शकतात, हे त्याला दिसलं होतं.

आपल्याकडे चरकसंहितेत उन्मादाची व्याख्या आहे. मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती (म्हणजे आवडीनिवडी), शील, चेष्टा आणि आचार या आठ गोष्टींचं भरकटणं म्हणजे उन्माद. ही व्याख्या मॅनियापेक्षा पुष्कळ व्यापक आहे, त्यामुळे ‘आपल्याला हे आधीच माहीत होतं’ असं म्हणायची घाई नको. पण त्या यादीतली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: माणसाच्या आवडी, स्वभाव आणि वागणं नेहमीपेक्षा बदललंय का, हे ती बघायला सांगते.

आजच्या मराठीत मात्र ‘उन्माद’ हा शब्द क्रिकेटच्या विजयाला, जमावाला किंवा सत्तेचा माज चढलेल्या पुढाऱ्याला चिकटलाय. ‘उन्मत्त’ ही तर सरळ शिवीच. त्यामुळे घरात कुणी आजारी पडलं तर आपल्याकडे दोनच शब्द उरतात: एकतर ‘माज आलाय’, नाहीतर ‘बाहेरचं काहीतरी झालंय’. एक शब्द बोलणी खायला लावतो, दुसरा मांत्रिकाकडे नेतो. डॉक्टरकडे दोन्ही नेत नाहीत.

एकोणिसाव्या शतकातल्या कुलाबा, पुणे, रत्नागिरी इथल्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळांत ‘मॅनिया’ हा शब्द वापरात होता, पण तेव्हा त्यात जवळपास कुठलाही खवळलेला रुग्ण बसायचा. कारणाच्या रकान्यात अनेकदा ‘गांजा’ लिहून कारकून मोकळे व्हायचे. 1893-94 च्या भांग-गांजा आयोगाने इस्पितळांच्या नोंदी तपासल्या आणि ही आकडेवारी भरवशाची नाही असा निष्कर्ष काढला. गांजाने काहीच होत नाही, असा याचा अर्थ नाही; काही जणांमध्ये तो असा झटका सुरू करू शकतो. पण समोर दिसणारं पहिलं कारण लिहून फाइल बंद करायची सवय आपल्यालाही आहे. ‘वीड ओढतो म्हणून असा वागतोय’ म्हटलं की पुढे कुणी बघत नाही.

एका भेटीत न दिसणारा आजार

खरा बदल पॅरिसमध्ये झाला. 1854 मध्ये ज्यूल बायार्जे आणि ज्याँ-पिएर फालरे या दोन डॉक्टरांत जोरदार वाद पेटला. मॅनिया आणि खिन्नता हे दोन वेगळे आजार नसून एकाच आजाराची दोन रूपं आहेत, हे आधी कुणी सांगितलं, यावरून. फालरे साल्पेत्रिएर या मोठ्या रुग्णालयात काम करत होता आणि तिथे रुग्ण वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असत. त्याने चक्र पाहिलं: चढ, उतार आणि मधला बरा काळ. मधले चांगले दिवसही त्याने आजाराच्या हिशेबात धरले, हे महत्त्वाचं.

पुढे जर्मनीत एमिल क्रेपेलिनने प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवलं. आज काय दिसतंय एवढ्यावर न थांबता, आधी काय झालं होतं आणि पुढे काय झालं, हे तो नोंदवत गेला. 1899 मध्ये त्याने आपल्या पाठ्यपुस्तकात या सगळ्याला ‘मॅनिक-डिप्रेसिव्ह’ हे नाव दिलं. आज आपण ‘बायपोलर’ म्हणतो.

यातून तुमच्या-माझ्यासाठी निघणारी गोष्ट साधी आहे. मॅनिया एका फोटोत दिसत नाही, त्याला अल्बम लागतो. तो अल्बम डॉक्टरकडे नसतो. तो असतो आईकडे, भावाकडे, रूममेटकडे.

एकच माणूस, दोन निदानं

परदेशात राहणाऱ्यांनी 1960 च्या दशकाअखेरचा एक प्रकल्प माहीत करून घ्यायलाच हवा. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचं निदान लंडनपेक्षा कितीतरी जास्त होत होतं, तर लंडनमध्ये मॅनिया आणि नैराश्याचं. अमेरिकेतली माणसंच वेगळी होती का? संशोधकांनी दोन्हीकडच्या रुग्णांची एकाच ठरलेल्या पद्धतीने मुलाखत घेतली, आणि फरक बराचसा नाहीसा झाला. फरक मुख्यतः डॉक्टरांच्या सवयीत होता. यातून धडा घेऊन पुढे निदानाचे निकष नेमके लिहिले गेले. अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर 1980 पासून झालं.

म्हणून डॉक्टरला कच्चा माल द्या: काय घडलं, कधी, किती दिवस. विशेषतः तुम्ही नैराश्यासाठी गेला असाल, तर पूर्वी कधी ‘चढलेले’ दिवस आले होते का आणि घरात कुणाला असं होतं का, हे न विचारताही सांगा. बायपोलर असताना नुसत्या नैराश्यविरोधी गोळ्या घेतल्या, तर काही जणांमध्ये मॅनिया उफाळू शकतो.

मग बघायचं काय?

आजचे निकष थोडक्यात असे. मनःस्थिती नेहमीपेक्षा चढलेली किंवा चिडलेली, आणि सोबत वाढलेली ऊर्जा, जवळपास रोज, किमान आठवडाभर. रुग्णालयात दाखल करावं लागलं तर मुदतीची अट नाही. त्याच्या जोडीला यांपैकी निदान तीन गोष्टी (नुसती चिडचिड असेल तर चार): झोपेची गरजच कमी होणं, अखंड बोलणं, विचारांची शर्यत, लक्ष सतत उडणं, स्वतःबद्दल अवास्तव मोठेपणा, कामांचा किंवा अस्वस्थ हालचालींचा सपाटा, आणि पैसा, सेक्स, ड्रायव्हिंग अशा बाबतींत बेफिकीर धोके पत्करणं. सौम्य प्रकाराला हायपोमॅनिया म्हणतात. त्याला चार दिवसांची मर्यादा धरतात.

झोपेचा मुद्दा नीट समजून घ्या. सबमिशनच्या आठवड्यात तुम्ही कमी झोपता आणि मग मेल्यासारखे दमता. मॅनियात माणूस कमी झोपतो आणि दमतच नाही. फरक तिथे आहे.

आपल्यासाठी यात एक खास धोका आहे: विमान. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून मनोरुग्णालयात आणलेल्या प्रवाशांचा एक अभ्यास 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिमेकडे उडून आलेल्यांत नैराश्य जास्त आढळलं, तर पूर्वेकडे उडणाऱ्यांत हायपोमॅनियाकडे कल दिसला. झोपेचं वेळापत्रक मोडणं हा झटका सुरू करणारा माहितीचा घटक आहे. दिवाळीला किंवा भावाच्या लग्नाला घरी जाताना लांबचा प्रवास, मग हळद, संगीत, जागरणं, हे सगळं एकदम येतं. आधी झटका येऊन गेला असेल, तर तिकीट काढतानाच डॉक्टरशी बोला आणि पोचल्यावर पहिल्या दोन रात्री झोपेसाठी राखून ठेवा. मावशी रागावली तर रागावू दे.

औषधाची गोष्ट

जॉन केड हा ऑस्ट्रेलियन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात तीन वर्षांहून जास्त काळ सिंगापूरच्या चांगी छावणीत युद्धकैदी होता. परतल्यावर मेलबर्नजवळच्या एका रुग्णालयात त्याने लिथियमचे क्षार आधी गिनीपिगवर, मग स्वतःवर आणि मग रुग्णांवर वापरून पाहिले. सप्टेंबर 1949 मध्ये त्याने मॅनियाच्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पहिला रुग्ण 51 वर्षांचा, पाच वर्षं सतत खवळलेला. तो काही महिन्यांत घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजू झाला. मग बरं वाटतंय म्हणून त्याने औषध सोडलं आणि पुन्हा रुग्णालयात आला. 1950 मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो गेला.

त्याच्या मृत्यूनेही बरंच शिकवलं. पुढे मेलबर्नमध्येच रक्तातलं लिथियम मोजून डोस ठरवण्याची पद्धत बसवली गेली. डेन्मार्कच्या मोगेन्स शौने 1954 मध्ये चाचणी प्रसिद्ध केली, आणि 1970 मध्ये अमेरिकेने औषधाला मान्यता दिली. आज लिथियमशिवाय इतरही औषधं आहेत. लिथियम घेणाऱ्यांनी रक्ततपासणी चुकवायची नाही. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की त्याची रक्तातली पातळी वाढते. आखाती उन्हाळा, जुलाब-उलट्या, निर्जळी एकादशी, अगदी आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामक गोळीसुद्धा अडचणीत आणू शकते. उपास करायचा असेल तर आधी विचारा. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी मनाने बंद करू नका; पहिल्या रुग्णाने तेच केलं होतं.

मदत कशी मागायची

मित्राबद्दल काळजी वाटत असेल तर ‘तू मॅनिक आहेस’ म्हणू नका. वाद घालून कुणाला पटत नाही. जे दिसतंय तेवढंच सांगा: ‘सोमवारपासून तू दहा तासही झोपला नाहीस. मला काळजी वाटतेय. झोपेसाठी तरी डॉक्टरकडे जाऊ, मी येतो सोबत.’ झोप ही अशी तक्रार आहे की ती मान्य करायला कमीपणा वाटत नाही. तारखा लिहून ठेवा. निदान मात्र डॉक्टरवर सोडा. थायरॉइड, स्टेरॉइड किंवा नशेनेही असं होऊ शकतं, आणि ते तपासावं लागतं.

स्वतःच्या जिवाला किंवा दुसऱ्याला धोका वाटला, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, भलत्याच कल्पनांवर ठाम विश्वास बसला किंवा कित्येक रात्री झोपच लागली नाही, तर वाट बघू नका. थेट इमर्जन्सीत जा. अमेरिकेत 988 वर फोन किंवा मेसेज करता येतो. ब्रिटनमध्ये 111 वर मानसिक आरोग्याचा पर्याय आहे, जिवावर बेतलं तर 999. इस्रायलमध्ये भावनिक आधारासाठी 1201. भारतातल्या घरच्यांसाठी टेलिमानसचा 14416 आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि तुम्हाला स्वतःला आधी कधी असं झालं असेल, तर आज, डोकं शांत असताना, एक काम करा. तुमच्या चढाची पहिली तीन लक्षणं एका कागदावर लिहा. ती दिसली तर कुणी फोन करायचा, कुठल्या डॉक्टरला, आणि क्रेडिट कार्ड कुणाकडे ठेवायचं, हेही लिहा. तो कागद एका विश्वासू माणसाच्या हातात द्या आणि त्याला सांगा: ‘त्या वेळी मी म्हणेन, मला काहीही झालेलं नाही. तेव्हा माझं ऐकू नकोस, हे वाच.’