गाडीतला आवाज जातो कुठे?

परवा विष्णुपुरीहून लातूरला निघालो आणि बाबांच्या जुन्या गाडीतला टेप पुन्हा रुसला. खड्डा आला की आवाज गायब, पुढच्या खड्ड्याला हजर! मेकॅनिक म्हणाला, "सेटच बदला." बाबांना ते पटेना. मलाही. आवाजाबरोबर सेटचा दिवाही विझत होता, म्हणजे स्पीकर निर्दोष, घोळ पुरवठ्यात.

गंमत म्हणजे हा रोग कार रेडिओइतकाच जुना आहे. 1930 मध्ये शिकागोचे पॉल गॅल्विन स्वतःच्या गाडीत रेडिओ बसवून अटलांटिक सिटीच्या रेडिओवाल्यांच्या अधिवेशनाला गेले. त्या रेडिओचं नाव मोटोरोला. तेव्हा गाडीची बॅटरी 6 व्होल्टची आणि व्हॉल्व्हना हवा त्याच्या कित्येक पट दाब! आधी वेगळ्या बॅटऱ्या वागवाव्या लागत, मग व्हायब्रेटर आला. सेकंदाला शंभराहून जास्त वेळा उघडझाप करणारी एक पत्ती. तिने तुकडे केलेला डीसी ट्रान्सफॉर्मरने चढवायचा. म्हणजे 'लूज कॉन्टॅक्ट' मुद्दाम बसवलेला! पत्तीची टोकं जळून चिकटली की रेडिओ गप्प, टिचकी मारली की कधीकधी चालू.

1955 मध्ये क्रायसलर आणि फिल्कोने पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ आणला. त्याला बॅटरीचा दाब पुरला, व्हायब्रेटर गेला. स्क्रू, सोल्डर आणि अर्थिंग मात्र राहिलं.

आमच्याकडे डॅशबोर्डमागचा अर्थचा स्क्रूच गंजला होता. पॉलिश पेपर मारून घट्ट आवळला, बस्स. खर्च शून्य. येताना बाबांनी गाडी मुद्दाम दोन खड्ड्यांतून काढून बघितली.